जपून ठेवलेलं दुपटं

आमच्याकडे बाळाला आल्या आल्या नवं कापड घालत नाहीत. कुणाचं तरी वापरलेलं, धुऊन धुऊन मऊ झालेलं कापडच पहिल्यांदा अंगावर चढतं. का, ते विचारू नका. माझ्या आईनं केलं म्हणून मी केलं. आमच्या घरातल्या मोठ्यांनी देव सोडले, पाचवीची पूजा सोडली, सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते हेसुद्धा सोडलं. पण बाळाला जुनं कापड घालायचं हे काही कोणी सोडलं नाही. त्यात देव नव्हता ना, म्हणून ते राहून गेलं असेल. आणि खरं सांगायचं तर त्यात चूक अशी काही दिसतही नव्हती. नव्या कापडाला खळ असते, ती कोवळ्या अंगाला टोचते, हे आम्हा भिवंडीवाल्यांना कोणी सांगायला नको. आमच्या नारपोलीच्या गल्लीत दिवसभर लूम खडखडतात, कापडाचे तागे डोळ्यांसमोर टेम्पोत चढतात. कापड म्हणजे काय हे आम्हाला कळतं, असं मी तरी धरून चालले होते.

मी शाळेत फार गेले नाही. जे काही लिहिते-वाचते ते पुढे घरातच, मुलांची पुस्तकं चाळत चाळत आलं. त्यामुळे इथे काही पुढचं-मागचं झालं तर सांभाळून घ्या. पण हे सांगायलाच पाहिजे.

माझी लेक पहिलटकरीण म्हणून माझ्याकडे बाळंतपणाला आली होती. तिचं सासर वडप्याजवळच्या वस्तीत. जावई तिथल्याच एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर. घरी तो आणि त्याची आई, एवढीच माणसं. ही माझी विहीण म्हणजे भारी हौशी बाई. नवरा लवकर गेला, एकच मुलगा, तो तळहाताच्या फोडासारखा वाढवलेला. नातू झाला कळल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ती रिक्षा करून आली, आणि रिक्षातून आधी पत्र्याची पेटी उतरली, मग ती.

"विहीणबाई, अहो घर सोडून आलात की काय?" मी म्हटलं.

"जागा हाय का तुमच्यात? न्हायतर पेटीवरच झोपंन," ती म्हणाली आणि खोलीभर हसली.

पेटी उघडली तर काय सांगू! झबली, टोपरी, लंगोट, आणि सगळ्यात खाली तिच्या आईच्या मऊ लुगड्यांचं हातानं शिवलेलं दुपटं. धावदोरा इतका बारीक की मुंगीची पावलं वाटावीत. सगळं तिच्या मुलाचं, म्हणजे माझ्या जावयाचं, तो एवढासा होता तेव्हाचं. इतक्या वर्षांत एका कापडाला कसर लागली नव्हती की पिवळा डाग पडला नव्हता. घड्या मोडताना आतून पांढऱ्या डांबरगोळ्या घरंगळल्या आणि फरशीवर टणटण करत कॉटखाली गेल्या.

"आमच्याकडं गोडाऊनं आल्यापासून उंदीर काय, झुरळं काय, इचारू नका," ती म्हणाली. "पर माझ्या पेटीजवळ एक न्हाय फिरकत. वर्साला ऊन दावते, नवीन गोळ्या टाकते."

त्या वासानं खोली भरून गेली. मला तो वास आवडायचा, हेही सांगून टाकते. आम्हाला तो वास म्हणजे नीटनेटक्या घराचा वास. लग्नाचा शालू काढला की येतो तो. लेक आतून म्हणाली, "आई, एकदा धुऊन घेऊया का?" त्यावर विहीणबाईंनीच हात केला. "धूऊ नगं गं बाय. धागा जुना हाय, इरंल. झटकून घाल." मग मी गल्लीत जाऊन दुपटं झटकलं आणि बाळाला त्यात गुंडाळलं. बाळ त्यात असं काही गाढ झोपलं की विहीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "बापाला वळखलं बघा त्यानं," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी कपडे आमच्याकडे ठेवून, रिकामी पेटी घेऊन त्या घरी परतल्या. थंडीचे दिवस होते. मी रोज सकाळी बाळाला तेल लावायचे, छाती, पाठ, मांड्या सगळं चोळून घ्यायचे, अंघोळ घालायचे, आणि परत हलक्या हातानं तेलाचं बोट फिरवून त्या दुपट्यात घट्ट बांधायचे. माझी दोन्ही मुलं अशीच वाढली. शेजारच्या तिघींची बाळं मीच न्हाऊ घातली. माझ्या हाताला बाळ रडत नाही अशी माझी गल्लीत ख्याती होती.

तीन-चार दिवसांनी बाळ पिवळं दिसायला लागलं.

आता हे ऐकून तुम्ही दचकला असाल, पण मी तेव्हा दचकले नाही. नव्या बाळाला कावीळ होतेच. माझ्या दोघांनाही झाली होती. समोरच्या खोलीत राहणारी लूमवाल्याची बायको आली, तिनं बाळाचं नाक हलकेच दाबून बघितलं आणि म्हणाली, "अम्मा, थोड़ा पीलिया है. हमारे सबके बच्चों को हुआ था. सुबह की धूप दिखाओ, उतर जाएगा." तेच तर मीही म्हणत होते. मग आम्ही दोघींनी मिळून रोज सकाळी ओट्यावर ऊन यायचं तिथे पाट टाकला. थंडी वाजू नये म्हणून बाळाला त्याच दुपट्यात गुंडाळायचं आणि तोंड तेवढं उघडं ठेवून उन्हात धरायचं. दुपटं उन्हानं तापायचं आणि त्याचा वास आणखी दरवळायचा. ज्यानं ते पोर आजारी पडत होतं, त्यातच त्याला बांधून आम्ही बरं करायला बसलो होतो.

उतरायच्या ऐवजी पिवळेपणा वाढत गेला. आधी चेहरा, मग छाती, मग पोट, मग तळपाय. बाळ दूध ओढेना. छातीला लावलं की दोन घोट घ्यायचं आणि मान टाकायचं. लेक म्हणाली, "आई, हा फार झोपतो गं." मी म्हटलं, "बाळं झोपतातच." पण म्हणतानाच मला माझाच आवाज कसातरी वाटला.

आणि मग लंगोट बदलताना मी बघितलं. पांढऱ्याशुभ्र लंगोटावर कोऱ्या चहासारखा डाग. मी तो लंगोट नाकाशी नेला, उजेडात धरला. वाटलं, काहीतरी सांडलं असेल. चहा सांडला असेल. पण चहा कुठला आणि कोण सांडणार? लघवी होती ती. बाळाच्या अंगातून आलेली. मी कितीतरी बाळांचे लंगोट धुतले, असला रंग कधी बघितला नव्हता. बाळाच्या ओठांकडे बघितलं तर ते पिवळे नव्हतेच, पांढरे पडले होते.

"चप्पल घाल," मी लेकीला म्हटलं. "असेल तशी चल."

कल्याण नाक्याच्या बाजूला लहान मुलांच्या एका डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. तरणीच होती, माझ्या लेकीपेक्षा फार तर चार-पाच वर्षांनी मोठी. बाहेर ही गर्दी. पण बाळाला बघितल्यावर तिच्या कंपाउंडरनं आम्हाला थेट आत घेतलं. डॉक्टरीणबाई बाळाच्या छातीला नळी लावायला वाकली आणि तशीच थांबली. मग तिनं दुपट्याचं टोक उचललं आणि नाकाला लावलं.

"आजी, हे दुपटं कुठलं?"

"बाळाच्या बापाचं."

"बापाचं म्हणजे?"

"तो बाळ होता तेव्हाचं. माझ्या विहिणीनं जपून ठेवलं."

"कशात?"

"पेटीत. डांबरगोळ्या घालून. बघा की, एक धागा खराब झाला नाही."

मी हे कौतुकानं सांगितलं बरं का. तिचा चेहरा बघून माझं कौतुक तोंडातच राहिलं.

"काढा," ती म्हणाली. "झबलं, टोपडं, दुपटं, सगळं काढा. आत्ताच्या आत्ता. सिस्टर, हे पिशवीत बांधून बाहेर न्या." आणि मग मला विचारलं, "अंगाला तेल लावता?"

"लावते ना. रोज."

तिनं डोळे मिटले आणि उघडले. "आजी, त्या गोळ्यांतलं औषध तेलात विरघळतं. तेल लावलेल्या अंगातून ते लवकर आत जातं. श्वासातूनही जातं."

मला काही कळेना. मी म्हटलं, "अहो पण डांबरगोळी कोणी त्याला खायला घातली नाही."

"खायला लागत नाही."

कपाटात, मोरीत, पाहुण्यांच्या गाद्यांत, सगळ्यांच्या घरात असते ती गोळी. तिच्या वासानं पोर मरायला टेकतं? मला वाटलं, ही नवी डॉक्टर आहे, हिला काही समजत नाही. तेवढ्यात सिस्टरनं बाळाचं रक्त काढलं, आणि ते रक्त बघून डॉक्टरीणबाई म्हणाली, "ठाण्याला न्या. मी फोन करते. थांबू नका."

तो रस्ता मला आठवतो आणि आठवत नाही. जावई गोडाऊनमधून तसाच आला होता, अंगात कंपनीचं जाकीट. अंजूर फाट्याला ट्रकच ट्रक. ॲम्ब्युलन्सचा भोंगा वाजतोय आणि पुढचा कंटेनर जागचा हलत नाही. लेकीच्या मांडीवर बाळ दवाखान्याच्या हिरव्या चादरीत. ती त्याच्या तळपायाला टिचक्या मारत होती, कारण सिस्टरनं सांगितलं होतं की झोपू देऊ नका. "रड ना रे," ती म्हणत होती. "रड ना एकदा." बाळाच्या रडण्यासाठी आई विनवण्या करते असं मी पहिल्यांदा बघितलं.

ठाण्याच्या हॉस्पिटलात बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवलं, डोळ्यांवर पट्टी बांधून. पण तेवढ्यानं भागेना. तिथले मोठे डॉक्टर बाहेर आले, जावयाला आणि मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "बाळाचं रक्त बदलावं लागेल. थोडं थोडं काढायचं आणि दुसरं भरायचं. रक्त फुटतंय, आणि त्यातला पिवळेपणा मेंदूपर्यंत गेला तर पुढे कठीण होईल."

"सगळं रक्त बदलणार?" जावयानं विचारलं.

"जवळजवळ सगळं."

एवढंसं पोर. त्याच्या अंगात रक्त असून असून किती असणार? मी तिथल्याच बाकड्यावर बसले. समोर भिंतीवर हसऱ्या बाळांची चित्रं होती. मला त्यांच्याकडे बघवेना.

त्यातच जावयाच्या फोनवर विहीणबाईंचा फोन आला. पोरगा आईशी बोलता बोलता घळाघळा रडला आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. डांबरगोळ्या, दुपटं, सगळं. त्यानं लपवायला हवं होतं असं मी म्हणत नाही. लपवून काय झालं असतं! पण माझ्या लेकीनं त्याच्या हातातला फोन ओढून घेतला. बाळंतीण बाई, टाके ओले, पोर आत. ती म्हणाली, "आत्या, धुऊया म्हटलं होतं मी. तुम्ही धुऊ दिलं नाही. तुमच्या पेटीनं माझं पोर खाल्लं."

पलीकडून फोन बंद झाला.

मी लेकीला गप्प केलं नाही. मलाही तेच वाटत होतं. वाटत होतं, बाई, तुझ्या हौसेला आग लागो.

रक्त बदललं. बाळ त्यातून निघालं. दुसऱ्या दिवशी त्याचा रंग बदलायला लागला, आणि संध्याकाळी त्यानं असा काही टाहो फोडला की सिस्टरसुद्धा हसली. आम्हाला वाटलं, सुटलो. तेव्हा त्या मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला परत आत बोलावलं. लेक, जावई आणि मी.

ते म्हणाले, "डांबरगोळीचा वास हजार घरांत असतो. सगळ्या बाळांना असं होत नाही. तुमच्या बाळाला झालं, कारण त्याच्या रक्तात एक गोष्ट कमी आहे."

मग त्यांनी समजावून सांगितलं. रक्तातल्या तांबड्या पेशींना सांभाळणारं एक द्रव्य असतं. त्याचं नाव जी-सिक्स-पी-डी. काही मुलांत ते जन्मापासूनच कमी असतं. एरवी मूल अगदी ठणठणीत. पण डांबरगोळी, काही ठरावीक औषधं, कधी नुसता मोठा ताप, असं काही झालं की त्या पेशी फुटायला लागतात. रक्त बदलायच्या आधीच त्यांनी बाळाचं रक्त तपासायला पाठवलं होतं, त्यात ते दिसलं. काही महिन्यांनी पुन्हा तपासू म्हणजे खात्री होईल, म्हणाले.

"हे बरं कधी होणार?" लेकीनं विचारलं.

"हे जात नाही. पण सांभाळलं तर यानं काही बिघडतही नाही."

"आणि आलं कुठून?"

डॉक्टर म्हणाले, "मुलग्यांना हे आईकडून येतं. आईला त्रास होत नाही, तिला कळतही नाही. तिला तिच्या आईवडिलांकडून आलेलं असतं." मग ते माझ्याकडे वळले. "आजी, तुमच्या माहेरी कोणी मुलगा लहानपणी असा पिवळा पडून, काळी लघवी होऊन गेलाय का?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. आणि ते उघडंच राहिलं.

माझ्या पाठीवर एक भाऊ होता. आमचं गाव डोंगराच्या पायथ्याशी, भिवंडी तालुक्यातच. त्या वर्षी गावभर हिवताप. हिवतापवाला माणूस घरोघरी फिरून गोळ्या देत होता. मला ताप, भावाला ताप. दोघांना एकाच पेल्यातल्या पाण्यानं त्याच गोळ्या दिल्या. माझा ताप उतरला आणि मी हुंदडायला लागले. भाऊ मात्र पिवळा पडला. तो मागच्या अंगणात लघवीला उभा राहिला आणि ओरडला, "आये, बघ, माझ्यातनं च्या आला!" आम्ही बहिणी हसलो. चार दिवसांत तो गेला. एवढा चुणचुणीत पोरगा.

कोऱ्या चहाचा तो रंग मी एकदा बघितला होता. माझ्याच अंगणात. आणि मी म्हणत होते, असला रंग कधी बघितलाच नाही.

मी हे सगळं डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "आता नक्की सांगता येणार नाही. पण तसं असू शकतं. हिवतापाचं एक औषध अशा मुलांना बाधतं. आज आम्ही आधी तपासतो. तेव्हा कोणाला काय कळणार?" गोळी वाईट नव्हती हो. त्याच गोळीनं सगळ्या गावाचा ताप उतरला, माझाही उतरला. पण माझ्या भावाला ती चालली नाही. आणि का चालली नाही, ते माझ्या रक्तात बसून इतकी वर्षं माझ्याबरोबर वावरत होतं. माझ्यातून लेकीत गेलं, लेकीतून त्या पोरात.

लेक माझ्याकडे बघत होती. "म्हणजे आपल्याकडून आलं?" ती हळूच म्हणाली.

जावई चटकन म्हणाला, "अगं, कुणाकडून काय, पोर आपलंच आहे ना." भला पोरगा आहे तो. पण लेकीनं मान खाली घातली ती वर केली नाही. तिच्या मनात तो फोन वाजत होता, मला कळलं.

आता तुम्हाला माझ्या आईचं सांगते, म्हणजे मी पुढे काय केलं ते समजेल. भाऊ आजारी पडायच्या आदल्या दिवशी शेजारच्या काकूंनी त्याला पिकलेलं केळं दिलं होतं. एवढंच. काकूंना पोर नव्हतं, आमच्या भावावर त्यांचा फार जीव. पण आईनं धरलं की केळ्यातून काहीतरी दिलं, दृष्ट लावली. भिंतीला भिंत लागून घर, एका विहिरीवर पाणी, आणि मरेपर्यंत आई त्या बाईशी एक शब्द बोलली नाही. काकू आमच्या दारावरून जाताना पदर तोंडाला लावून जायच्या. मी लहानपणापासून ते बघत आले आणि मलाही वाटायचं, वाईट बाई. ती बाई तशीच गेली. त्या डॉक्टरांच्या खोलीत बसल्या बसल्या मला तिचा तो पदर दिसला आणि मी हादरले. भावाच्या आठवणीनं हादरले नव्हते इतकी.

बाळ घरी आलं. येण्याआधी मी, जावई आणि समोरची लूमवाल्याची बायको, तिघांनी घर उपसलं. कपाटातल्या, मोरीतल्या, गाद्यांतल्या सगळ्या गोळ्या बाहेर, पेटीतून आलेली उरलेली झबली-लंगोटही बाहेर. त्या शेजारणीनं स्वतःच्या घरातल्याही काढल्या. "अम्मा, मुन्ना हमारे यहाँ भी तो खेलेगा," म्हणाली. माझ्या शालूला तो वास होता, तो मी लांब मावशीच्या घरी पाठवून दिला. बाळाचे कपडे आणले ते नवेच, खळ जाईपर्यंत साध्या पाण्यात तीन-तीनदा धुऊन. डॉक्टरांनी बजावलं होतं, ताप आला, सर्दी झाली, काहीही झालं तरी कुठल्याही डॉक्टरला, अगदी औषधाच्या दुकानातही, आधी हे सांगायचं आणि मगच औषध घ्यायचं. आणि लघवीचा रंग बघत राहायचं. माझ्या धाकट्या बहिणीच्या नातवांनाही तपासून घ्यायला सांगितलं. बहीण आधी रागावली, मग गेली.

पण विहीणबाई आल्या नाहीत. नातू मरणाच्या दारातून परत आला आणि आजी फिरकली नाही. जावई म्हणाला, "आई जेवत नाही धड. विचारलं की म्हणते, माझं तोंड दाखवायचं नाही तिथं."

लेक म्हणाली, "आई, मी फोन करते, उचलत नाहीत त्या."

"फोनचं काम नाही हे," मी म्हटलं. आणि रिक्षा करून वडप्याला गेले.

त्यांच्या वस्तीच्या तिन्ही बाजूंना गोडाऊनं. ओट्यावर बसल्या होत्या, समोर तांदूळ निवडायला घेतलेले, पण हात सुपात नव्हता. मला बघून उठल्या आणि चार पावलं मागे सरकल्या.

"जवळ येऊ नका," त्या म्हणाल्या. "बाळाकडं जायचं हाय ना तुमाला परत. माझ्या अंगाला वास हाय."

"अहो, अंघोळ करत नाही का तुम्ही?"

"दोनदा करते. साबण संपला. तरी येतो मला." त्यांनी हात पुढे केले आणि परत मागे घेतले. "पोरगं माझ्या हातानं जात होतं, विहीणबाई. माझ्या आयेच्या लुगड्यात. म्या शिवलं ते."

"तुमच्या हातानं नाही. आणि गेलंय कुठे? घरी दूध पिऊन लाथा मारतंय."

"सूनबाई बोलली ते खरंच हाय."

"अर्धं खरं आहे," मी म्हटलं. "उरलेलं माझ्याकडचं आहे. बसा, सांगते."

मी त्यांना भावाचं सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. केळंवाल्या काकूंचंही सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. तोंडाला पदर लावला होता तो हळूहळू खाली आला.

"म्हंजी तुमच्यातलं रगत आनि माझ्यातल्या गोळ्या," त्या शेवटी म्हणाल्या.

"हो. आणि दोघींना माहीत नव्हतं."

"बया गं." त्या किती तरी वेळ तेवढंच म्हणत राहिल्या. "बया गं, बया गं."

"आता चला. लेक वाट बघतेय. तिला तुमच्याशी बोलायचंय."

तशा त्या उठल्या आणि परत बसल्या. "येऊ कशी? नेसू काय? माझी सगळी लुगडी बी तसल्याच गोळ्यांच्या पेटीतली. हे अंगावरचं बी तिथलंच. ह्या वासाची मी पोराला हात लावनार न्हाय."

बरोबरच होतं ते. मग म्हटलं, "चला, आपण भिवंडीत राहतो ना? कापडाला काय तोटा आहे?"

त्यांना रिक्षात माझ्यापासून लांब, कडेला बसवलं, त्यांनीच हट्ट केला. वाटेत बाजारात एका दुकानात गेलो. त्या साडीला हातसुद्धा लावीनात, मीच दोन-तीन काढून दाखवल्या. दुकानदार वैतागला. "आजी, साडी घ्यायचीय की वास घ्यायचाय?" कारण त्या प्रत्येक साडी नाकाशी धरायला मला सांगत होत्या. "दुकानात बी ठेवत असतील गोळ्या," त्या माझ्या कानात कुजबुजल्या. मी दुकानदाराला सरळ विचारलं. तो म्हणाला, "गोदामात ठेवतो, इथली कालच मिलमधून आलीय." मग एक हिरवी कडक साडी घेतली, पुन्हा दोनदा हुंगून.

घरी आल्यावर त्या थेट मोरीत गेल्या. अंघोळ केली, केस धुतले, नवी साडी नेसल्या. पोलकं माझं. बाहेर आल्या तर साडी खळीनं अशी फुगलेली की दारातून येताना कुरकुरली. माझी लेक उठून उभी राहिली. काही बोलायच्या आधीच तिचे डोळे भरून आले.

"आत्या, मी जे बोलले..."

"गप," विहीणबाई म्हणाल्या. "पोराचा जीव चालला असता तर मी बी बोलले असते. पोर दे हिकडं. न्हाय, थांब. आदी विचार, चालंल का."

"कोणाला विचारू?"

"डाक्टरला."

"डॉक्टर म्हणाले, आजी चालते," लेक रडता रडता हसली आणि तिनं बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं.

त्या इतक्या ताठ बसल्या होत्या की वाटावं, काचेचं भांडं धरलंय. बाळानं त्यांच्याकडे बघितलं, तोंड वाकडं केलं, आणि त्या कोऱ्या करकरीत हिरव्या साडीवर ही मोठी धार सोडली.

विहीणबाईंनी साडीचा तो ओला भाग उचलला, पण हिरव्यावर काय कळणार? मी पटकन बाळाचं पांढरं फडकं खाली धरलं. उरलेले चार थेंब त्यावर पडले. मग ते फडकं घेऊन आम्ही दोघी दाराशी गेलो, उजेडात, डोक्याला डोकं लावून.

"दिसतंय का काय?" त्या म्हणाल्या. "माझा चस्मा घरी ऱ्हायला."

"काही दिसत नाही," मी म्हटलं. "पाणी आहे नुसतं."

"नीट बघा."

मी परत बघितलं. मग त्यांनीही ते फडकं माझ्या हातातून घेऊन डोळ्यांजवळ नेलं, फिरवून फिरवून बघितलं, आणि दोरीवर वाळत घातलं.